फोटो मेंढरांसकट पाहिजे

आमच्या आष्टीकडं माणूस गेल्याची खबर पाहुण्यांच्या आधी फ्लेक्सवाल्याला लागते. लोक माती देऊन घरी परतेस्तोवर चौकात बोर्ड लागलेला असतो. मधे गेलेला माणूस, भोवती आठ-दहा जिवंत, आणि जिवंतांचे फोटो मेलेल्यापेक्षा मोठे. ह्याची मला सवय झाली होती. पण त्या धनगराचा बोर्ड दिसला तेव्हा मी भर चौकात गाडी लावली आणि शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. रसवंतीवाला चरक बंद करून बघत बसला.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मेंढ्यांना लसी टोचायला वस्त्यावस्त्यांवर फिरते आणि गळ्यात कॅमेरा असतो. कॅमेरा सरकारी नाही, माझ्या पगारातला आहे. हे मला जाईल तिथं सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगून टाकते. माहेर नांदूरघाटचं. तोंडही तिकडचंच आणलंय असं सासरची माणसं म्हणतात, ते खोटं नाही.

तो धनगर माझ्या चांगला ओळखीचा होता. त्याच्या कळपाला मी वर्षानुवर्षं टोचत आलेली. पावसाळ्याच्या तोंडाला माळावर वीज पडली आणि तो जागच्या जागी गेला. मागं बायको, मेंढरं आणि बोबडं बोलणारी एक पोरगी. बायकोनं मला निरोप धाडला की तुमच्याकडं त्यांचा एखादा फोटो असंल तर द्या. आधारकार्डावरचा होता, पण त्यात कुणीही असो, पोलिसांनी धरून आणल्यासारखाच दिसतो. लग्न सामुदायिक विवाहात लागलेलं, तिथले फोटो कुण्याच जोडप्याला मिळाले नाहीत. मी सगळी हार्ड डिस्क पालथी घातली. एकच फोटो निघाला. बालाघाटाच्या उतारावरून कळप खाली येतोय, सगळा उतार मेंढरांनी भरलेला, आणि एका कडंला घोंगडी खांद्यावर टाकून तो उभा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. पण त्यात त्याचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं.

तो फोटो मी तिच्या दिराच्या मोबाईलवर पाठवला. दिरानं फ्लेक्सवाल्याला दिला. आणि फ्लेक्सवाल्यानं काय करावं? ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड कापून घेतलं, मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपात घातलं, आणि ॲपनं त्याला नवं तोंड करून दिलं. सरळ नाक, पाणीदार डोळे, गुळगुळीत गाल. रंग असा गोरा की एखाद्या साबणाच्या जाहिरातीत खपून जावा. खाली कुणाचं तरी धड, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. मागं निळं आभाळ आणि कापसासारखे ढग. मेंढरू एक नाही.

मी तशीच त्याच्या दुकानात गेले.

“हा कोण आहे बे?” मी म्हणाले. बाईनं बे म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“तोंड दिसत नव्हतं मॅडम. क्लिअर केलं.”

“क्लिअर केलं? दुसरा माणूस लावलास तू!”

“घरच्यांनी ओके दिला की. आन् थोडं उजळ करावंच लागतं. न्हाई केलं तर लोक बोर्ड वापस आणत्यात. म्हणत्यात, आमच्या माणसाला काळं कावून केलं?”

“आणि मेंढरं? मेंढरं कुठं गेली?”

तो माझ्याकडं दया आल्यासारखा बघायला लागला. “श्रद्धांजलीत मेंढरं ठिवायची का, मॅडम? बरं दिसतं का ते?”

आता ह्याला काय बोलावं! पण राग एकट्या त्याच्यावर काढून उपयोग नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं, लोकांनाच गोरं व्हायचं असतं, मेल्यावरसुद्धा. लग्नाचा अल्बम बघा, बारशाचा बघा, कुणाच्याही वाढदिवसाचा बोर्ड बघा. आमच्या जिल्ह्यात उन्हात राबून काळा पडलेला माणूस कागदावर उतरला की पिठात लोळून आल्यासारखा होतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. मला लई वाटतं.

नंतर मी वस्तीवर गेले. धनगराची बायको कोकरांना पाजत बसली होती. पंचविशीच्या आतबाहेरची असेल. मी म्हणाले, बोर्ड बघितला. तीही म्हणाली, बघितला.

“फोटू चांगला हाय, डाक्टरीणबाई,” ती म्हणाली. “पर त्यात ते न्हाईत.”

मग ती पोरीकडं बघून म्हणाली, “आत्ता हिला याद हाय. आबा आबा करती, उताराकडं हात दावती. पुढं ऱ्हाईल का न्हाई, काय सांगावं? तुमचा तो मेंढरांसकटचा फोटू पाहिजे मला. पर तोंड दिसाया पाहिजे.”

मी तिला सांगितलं की तोंड दिसायचं तर फोटो मोठा छापावा लागंल, भिंतीएवढा नाही तरी दाराच्या फळीएवढा, आणि चांगल्या मशीनवर.

“छापा की मग,” ती म्हणाली.

इतकी साधी गोष्ट. तिला काय ठाऊक, ह्या साध्या गोष्टीसाठी मी कुणाकुणाच्या नादी लागणार होते ते.

आधी मी नगरच्या एका लॅबला फाईल धाडली. फोटो आला तो चकचकीत कागदावर, घोंगडी निळी, मेंढरं चुन्यासारखी पांढरी. कारण काय, तर त्यांचं मशीन सगळ्यांचेच फोटो आपोआप उजळ करतं. मी फोन करून सांगितलं की काही करू नका, जसा आहे तसा छापा. हो मॅडम, हो मॅडम. दुसऱ्यांदा आला तो पहिल्यापेक्षा गोरा. मी फोनवर इतकी ओरडले की दवाखान्यात बांधलेली म्हैस हंबरायला लागली. तेव्हाच ठरवलं, आता छापायचं ते आपल्या मशीनवर, आपल्या हातानं.

आणि मशीन घ्यायचं तर आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या मंडळात आधीपासून चाललंच होतं, चौघांनी वाटाही काढून ठेवला होता. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मी एकटी बाई. दुसरे मेडिकलवाले भाऊ, ते मुंग्यांचे फोटो काढतात, मुंगीच्या मिशा मोजता येतील इतके जवळून, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसरे कॉलेजातले सर. पावसाळा लागला की कपिलधारला जातात आणि धबधब्याचं पाणी दुधासारखं करून परत येतात. चौथा बागाईतदार घरातला, त्याला अख्खा तालुका दादा म्हणतो, आम्हीही म्हणायचो. त्याच्याकडं हातभर लांबीची लेन्स आहे आणि तो मोरांचे फोटो काढतो. थट्टा करते, पण चौघंही मनापासून करायचो. दर रविवारी मेडिकलच्या माडीवर बसायचं, फोटो बघायचे, भांडायचं. आणि फोटो कागदावर मोठा दिसल्याशिवाय तो झाला असं म्हणू नये, ह्यावर चौघांचं एकमत होतं. तेवढ्यावरच होतं.

मी पहिल्याच रविवारी सगळं सांगून टाकलं. धनगराचं, बोर्डाचं, पोरीचं. भाऊंच्या डोळ्यात पाणी आलं. सरांनी मान हलवली. दादा म्हणाला, “आपण घेऊच मशीन, ताई. तुमचा फोटो पहिला छापू.” हा शब्द त्याचा. मी विसरले नाही.

मग सरांनी अभ्यास करायला घेतला. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. सर म्हणजे उंटावरचे शहाणे. जगातल्या प्रत्येक प्रिंटरचा व्हिडिओ त्यांनी बघितला. कोणत्या मशीनला किती रंगांची शाई लागते, कोणती शाई उन्हात उडते, कोणती टिकते, सगळं तोंडपाठ. पण घेऊ म्हटलं की म्हणायचे, थांबा, नवीन मॉडेल येतंय. ते आलं की म्हणायचे, जुनं स्वस्त होईल, थांबा. सरांचा प्रिंटर म्हणजे लग्नाच्या पोरीला स्थळ बघणं होतं. एकाला नाक नाही, दुसऱ्याला शेती नाही.

आणि दादाचं वेगळंच. “पाच फुटी घेऊ,” तो म्हणायचा. “फोटो बी निघतील, फ्लेक्स बी निघतील. मशीन आपला खर्च आपण काढंल.”

“दादा, फ्लेक्सचं मशीन लांबून बघायच्या चित्रासाठी असतं. जवळ गेलं की नुसते ठिपके. मला त्या माणसाचं तोंड जवळून दिसायला पाहिजे.”

“अवो ताई, कोण एवढ्या जवळून बघतंय?”

“त्याची पोरगी बघणार आहे!”

असे आमचे रविवार. मी सांगून सांगून बेजार झाले. माझं म्हणणं काही अवघड नव्हतं. दोन फुटी रोलचं मशीन घ्या, माडीच्या जिन्यातून वर तरी जाईल. शाई पिगमेंटची घ्या, कारण पाण्यात विरघळणारी शाई पहिल्या दिवशी झगझगीत दिसते आणि आमच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत उडून जाते. आणि मुख्य म्हणजे काळा. साधं मशीन काळा रंग निभावून नेतं. चांगल्या मशीनला काळी शाईच दोन तऱ्हेची असते, एक चकचकीत कागदाला, एक खरखरीत कागदाला, आणि वर करड्या शाया निराळ्या. काळी घोंगडी, तिच्यावर काळा माणूस, त्याच्या कपाळावर उन्हाची तिरीप. हे सगळं काळ्यातच वेगवेगळं दिसलं पाहिजे. नाहीतर एक तर डांबराचा डाग होतो, नाहीतर मग उजळ करा. आमच्याकडं सगळे उजळ का करतात, ह्याचं अर्धं उत्तर मला तिथं सापडलं. काळा रंग नीट छापायला मेहनत लागते आणि ती कुणाला नको असते.

असं करता करता दिवाळी आली आणि गेली. दिवाळी झाली की धनगर मेंढ्यांचा वाडा घेऊन गोदाकाठाला निघतात, ते पावसाच्या तोंडाला परततात. निघायच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर गेले. घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं चाललं होतं. तिनं हातातला दोर न सोडता विचारलं, “झाला का वो?”

“न्हाई अजून,” मी म्हणाले.

ती परत दोर आवळायला लागली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी रविवारी माडीवर गेले आणि सरांची आणि दादाची अशी हजेरी घेतली की भाऊ खाली गिऱ्हाईक आल्याचं सांगून निघून गेले. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पावसाळ्यात धनगर परत आले. मी लसीकरणाला गेले तर चौकातला तो बोर्ड दिरानं उतरवून वस्तीवर आणलेला. कोकरांच्या कोंडवाड्याला आडोसा म्हणून लावला होता. फ्लेक्सचं कापड वाया कोण घालवतं? नेत्यांचे फोटो कापून टाकले होते, तेवढी एक गोष्ट बरी झाली. पोरगी आता तुरुतुरु पळायची, पुष्कळ बोलायची. सकाळी उठली की त्या बोर्डापुढं हात जोडायची. तिच्या चुलत्यानं शिकवलं होतं. मी बघत राहिले. त्या लेकराला कुणी विचारलं नव्हतं की बाई, हाच का तुझा बाप? रोज दाखवलं, रोज हात जोडायला लावले, संपलं.

त्या रविवारी मी सरळ सांगितलं. “ह्या महिन्यात पुण्याला जाऊन मशीन ठरवायचं. नाहीतर माझा वाटा परत द्या, मी घर गहाण ठेवून एकटी घेते.” घर नवऱ्याच्या नावावर आहे, पण ते तिथं कुणाला आठवलं नाही.

गेलो. पुण्याच्या डीलरकडं काचेची खोली, थंडगार, मशीनं ओळीनं मांडलेली. त्याचा माणूस आम्हाला पोपटाचा फोटो छापून दाखवायला लागला. लाल, पिवळा, हिरवा. मी म्हणाले, पोपट नको, आम्ही आमच्या फायली आणल्यात. तो म्हणाला, कंपनीची फाईल बघितली की मशीनची ताकद कळते. मी म्हणाले, “पोपट कुणीही छापेल हो. तुमच्या मशीनला काळा माणूस छापता येतो का ते सांगा.” त्याला कळेना, ही बाई भांडतेय की विचारतेय. दोन्ही करत होते.

त्यानं माझी फाईल उघडली आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

“मॅडम, चेहरा डार्क आहे. थोडा लिफ्ट करू का?”

दादानं कपाळाला हात लावला. सर दुसऱ्या मशीनकडं बघायला लागले. त्यांना पुढचं माहीत होतं. मी त्या खोलीत काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण आमच्या नांदूरघाटच्या बाजारात ते बोलायला लोक आडोशाला जातात. एवढ्या शिकलेल्या पोराला, एवढ्या महागाच्या मशीनपुढं बसवलेल्या पोराला काळा माणूस दिसला की हात शिवशिवतो. म्हणजे आमचा फ्लेक्सवाला काय वाईट होता?

शेवटी त्यानं हात न लावता छापलं. आधी चकचकीत कागदावर, मग सुताच्या खरखरीत कागदावर. आम्ही फक्त उतार आणि धनगर एवढाच तुकडा छापून घेतला. कागद तसूतसूनं बाहेर आला. आणि त्याचं तोंड दिसलं. गालफडं बसलेली, भुवईवर जुना व्रण, मिशी एका बाजूला खाली झुकलेली, डोळे उन्हानं बारीक केलेले. हे मला स्क्रीनवरही कधी इतकं नीट दिसलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि त्याचाही मला राग आला.

मग दादाचा मोर छापला. मोराच्या मानेचा निळा नेहमी जांभळा नाहीतर काळपट यायचा, तो हुबेहूब उतरला. दादानं कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, “हेच घेऊ. पाच फुटी ऱ्हाऊ द्या.” मी पहिल्यांदा त्याच्याकडं माणूस म्हणून बघितलं. इतके दिवस मी हेच धरून बसले होते की ह्याला मोर म्हणजे बोर्डावर टाकायची नक्षी वाटते. तसं नव्हतं.

पण हौसेला मोल नाही आणि आमच्याकडच्या हौसेला तर अक्कलही नाही.

मशीन आलं. माडीवर चढवताना चार हमाल लागले. इंजिनिअरनं जोडून दिलं, धूळ लागू देऊ नका म्हणून बजावलं, आठवड्यातून दोनदा तरी चालवा नाहीतर आमच्या उन्हाळ्यात शाई नळ्यांत वाळेल हेही सांगितलं. भाऊंनी खिडक्यांना पडदे शिवले, इन्व्हर्टर आणून ठेवला. सगळं नीट चाललं होतं. दिवाळीला अजून अवकाश होता. मी म्हणाले, चला, आजच छापू.

“तसं कसं?” दादा म्हणाला. “उद्घाटन नको? साहेबांना बोलावलंय.”

साहेब म्हणजे कोण ते मी सांगत नाही. प्रत्येक तालुक्याला एक असतातच. उद्घाटनाच्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा माणसं मावतील तिथं पन्नास. मशीनला हार, मशीनला हळदीकुंकू. कुणीतरी नारळ थेट मशीनच्या स्टँडवर फोडला, पाणी खाली वायरींवर. भाऊ रुमाल घेऊन धावले. मी ओरडले तर मलाच गप्प बसवलं, शुभ कार्यात बाईनं असं करू नये म्हणून. साहेबांनी बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं आणि कागद बाहेर यायला लागला. मी बघते तर धनगर नाही. साहेबांचा फोटो! दादानं आधीच फाईल लावून ठेवलेली. माझ्या सुताच्या कागदावर, पहिल्याच रोलवर साहेब उतरत होते. आणि साहेब काय म्हणतात? “जरा उजळ नाही का येणार?”

मी तोंड उघडणार एवढ्यात मागून कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला.

बंद खोलीत. चालू मशीनवर. झाकण वर केलेलं, का तर साहेबांना आत बघायचं होतं. परातभर गुलाल. आमच्याकडं सोसायटीची निवडणूक जिंका, बैल शर्यतीत पहिला आणा, पोरगं पोलिसात लागो, गुलाल पाहिजे. पण प्रिंटरवर गुलाल टाकणारी माणसं अख्ख्या दुनियेत आमच्याशिवाय सापडायची नाहीत! शाईच्या डब्या पळतात त्या दांडीवर गुलाल, रोलवर गुलाल, साहेबांच्या ओल्या फोटोवर गुलाल. मशीन करकरलं आणि थांबलं.

“बंद करा! बाहेर व्हा सगळे!” मी किंचाळले. “साहेब, तुम्ही पण!”

“आनंदाचा दिवस आहे ताई,” साहेब हसून म्हणाले.

“कुणाचा?” मी म्हणाले.

दादा माझ्या दंडाला धरायला आला, मी हात झटकला. माणसं पायऱ्या उतरून गेली. खाली जाताना कुणीतरी म्हणालं, बाई लई आगाऊ हाय. आहे. त्या दिवशी मी आणखी आगाऊ असते तर बरं झालं असतं, दारातच परात हिसकावून घेतली असती.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. इंजिनिअर म्हणाला, लगेच यायला जमणार नाही, फोनवर सांगतो तसं करा. भाऊ दुकान बंद करून वर यायचे. कापसाचे बोळे, डिस्टिल्ड वॉटर, आणि मुंगीच्या मिशा बघणारे त्यांचे डोळे. दांडी पुसायची, रोलर पुसायचे, मग मशीनला धुवायला लावायचं. प्रत्येक धुण्यात शाई वाया. तपासणीच्या कागदावर बारीक रेघांची जाळी छापून यायची आणि तिच्यात मधे मधे दात पडल्यासारख्या फटी. काळ्यातच जास्त. बाकी सगळे रंग धड, नेमका काळा तुटका. मी डोकं धरून बसायचे. सरही यायचे, आता मात्र नवीन मॉडेलचं नाव काढत नव्हते. दादा चौथ्या दिवशी आला, काही न बोलता बाह्या सरसावून फरशी पुसायला लागला. मी त्याच्याशी बोलले नाही. अजूनही फार बोलत नाही.

दिवाळी झाली. धनगर निघायला दोन दिवस राहिले आणि जाळी अखंड आली. एक फट नाही. भाऊ खुर्चीत बसले आणि नुसते हसत राहिले. मी फाईल लावली. चेहऱ्याला हात लावला नाही, आभाळाला लावला नाही, मेंढरांना लावला नाही. कागद खाली येत गेला. आधी आभाळ, मग उताराची कड, मग मेंढरं, आणि कडंला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो नळीत गुंडाळून मी वस्तीवर गेले. बिऱ्हाड बांधून झालं होतं. तिनं घोंगडी अंथरली, मी तिच्यावर फोटो पसरला, चारी कोपऱ्यांना हात लावून धरला. ती वाकली. बोट न लावता खूप वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या भुवईवर, त्याचा व्रण होता तिथं, बोट ठेवलं.

“हेच,” ती म्हणाली. “असेच काळे व्हते.”

आणि पोरीला हाक मारली. “ये, आबा बघ.”

पोरगी आली. फोटोवर वाकली, आईनं दाखवलं तिथं बघितलं, आणि मान हलवली.

“ह्ये आबा न्हाईत.”

“आबाच हाईत, माय,” आई म्हणाली.

“न्हाई.” तिनं कोंडवाड्याकडं हात केला. तिथं तो फेटेवाला निळ्या आभाळात हसत होता. “आबा तिथं हाईत. आबा गोरे हाईत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते मला धड सांगता येणार नाही. फ्लेक्सवाल्यावर, चुलत्यावर, सरांच्या व्हिडिओंवर, साहेबांच्या परातीवर, आमच्या त्या सगळ्या रविवारांवर. मी उठले. तो बोर्ड मी उभा फाडणार होते.

“बसा, डाक्टरीणबाई,” ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, पण मी बसले.

तिनं पोरीला मांडीवर घेतलं. धनगराकडं बोट नेलंच नाही. उताराच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या मेंढीवर ठेवलं.

“ही कोण?”

पोरगी हरखली. “भुरी!”

“आन् ही?”

“काळतोंडी. ही लंगडी. तिचं कोकरू. ह्यो एडका, ह्यो मारतो.” तिला एकेक ओळखू येत होती. मला त्यातली एक सांगता आली नसती. आईचं बोट एकेका मेंढीवरून सरकत राहिलं आणि पोरगी सांगत राहिली, खुशीत, टाळ्या पिटत. बोट कडंला आलं. पोरगी थांबली. त्या काळ्या माणसाकडं तिनं नीट बघितलं.

“आये,” ती म्हणाली, “ह्यो आपल्या मेंढरांत कावून उभाय?”

“त्येचीच हायती, माय,” ती म्हणाली. “म्हून.”